दिवाळ्याच्या धक्क्यावर

बेलापूरला उतरून दिवाळे गावात मी गेले ती कोळंबीसाठी. पाहुणे जेवायला यायचे होते ना! पनवेलच्या खाडीकाठचा हा कोळीवाडा. भोवती नव्या मुंबईच्या उंच इमारती उठल्या, पण धक्क्याला होड्या अजून लागतात. (जाल तर घट्ट झाकणाचा डबा न्यायला विसरू नका.)

धक्क्याजवळ एक मुलगा मासळीवाल्या मावशींचा चेहरा पेन्सिलीने काढत होता. कुठल्याशा कलाशाळेतला असावा. मी मागे उभी राहिले ती राहिलेच. हात लांब करून, एक डोळा मिटून तो पेन्सिलीवर अंगठ्याने माप घेई. कपाळ ते नाक, नाक ते हनुवटी. आधी कठीण शिशाने फिकट अंडाकृती, मधून एक उभी रेघ, डोळ्यांसाठी एक आडवी. मग मऊ, काळी पेन्सिल आडवी धरून गालाखालची सावली. नाकातली चमकी त्याने काढलीच नाही म्हणा ना! भोवती काळे केले, मध्ये कागदाचा पांढरा ठिपका सोडला, आणि ती लखलखली.

मानेची रेघ मात्र चुकली. त्याने शेजारी दुसरी ओढली, पहिली तशीच ठेवली. मी अर्धवेळ मास्तरीण. खाडाखोड दिसली की हात शिवशिवतो. न राहवून म्हटले, "अरे, ती खोड ना आधी!"

मावशीच म्हणाल्या, "मीच हालले ना गो बाय, त्याचा काय दोष?"

खरेच की! गिऱ्हाइकाने हाक मारली तेव्हा त्यांनी मान वळवली होती. ते वळणे त्या दोन रेघांत राहिले होते.

२०१८ साली मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात एम. व्ही. धुरंधरांचे प्रदर्शन भरले होते. तेव्हा मी पेन्सिलीची रेखाटने भरभर ओलांडून रंगीत चित्रांकडे धावले होते. आता हळहळ वाटली.

"पडलेला दात दावलास काय?" मावशींनी विचारले. त्याने दाखवला होता. त्या खूश!

कोळंबी तोवर संपली होती. मावशींच्या टोपलीतले उरलेले बोंबील घेऊन घरी आले. भिंतीवर सासूबाईंचा फोटो आहे. फोटोवाल्याने सुरकुत्या पुसून तो इतका गुळगुळीत केलाय, की आजीच्या मांडीवर वाढलेली आमची धाकटी म्हणते, "ही आजी वाटतच नाही." बोंबील साफ करता करता मी यजमानांना विचारले, "मूळ फोटो कुठे आहे हो?"

"तो? स्टुडिओतच राहिला," ते म्हणाले.