पाठीवरचं चैत्रांगण

बुधवारी रात्री घरी येऊन पिशवी उघडली, तेव्हा कळलं की ही युकुलेली माझी नाही. तारा निराळ्या होत्या, एक खुंटी सैल होती. बाकी सगळं तेच. तोच काळा रंग, तीच चकाकी, तीच तिरकी वीण. सिॲटलच्या आमच्या वाचनालयात दर बुधवारी पंधरा-वीस माणसं वाजवायला जमतात. त्यांतल्या पाच जणांकडे कार्बन फायबरच्या युकुलेल्या आहेत आणि चहाच्या वेळी पाचही एकाच टेबलावर पडलेल्या असतात. माझी त्या आठवड्यात एका आजींच्या घरी राहून आली. त्यांनाही पत्ता नव्हता.

माझी पहिली युकुलेली कोआच्या लाकडाची होती, हवाईतल्या. इथे हिवाळाभर बाहेर ओल आणि घरात हीटर. त्या कोरड्या, गरम हवेत दुसऱ्याच हिवाळ्यात तिच्या पोटावर बोटभर लांब तडा गेला. मी मिरजेची. पावसाळा आला की तंबोरे कसे रुसतात, हे बघतच मोठी झाले. तरी त्या तड्याने रडू आलं. म्हणून मग कार्बन फायबर घेतली. केसाहून कितीतरी बारीक तीन-तीन हजार तंतूंचा एकेक पेड, अशा पेडांचं विणलेलं कापड, आणि ते साच्यात बसवून इपॉक्सीत घट्ट केलेलं. हवा कोरडी असो की दमट, तिला फरक पडत नाही. आवाजही मला मनापासून आवडला. स्वच्छ आणि लांबवर जाणारा.

पण तिला चेहरा नव्हता. लाकडाची प्रत्येक फळी स्वतःची नक्षी घेऊनच येते. कोआच्या माझ्या युकुलेलीवर खांद्याजवळ एक सोनेरी लाट होती, ती जगात दुसऱ्या कुठल्याच वाद्यावर नसणार. कार्बनच्या विणीत असं काही आपोआप येत नाही. जे हवं ते आपणच काढायला लागतं.

आणि युकुलेलीवर चित्र काढणं ही काही आजची हौस नाही. १८७९ मध्ये मदीरा बेटावरची पोर्तुगीज माणसं ‘रेव्हन्सक्रॅग’ जहाजातून होनोलुलूला उतरली. त्यांच्यातल्या सुतारांनी आपल्या छोट्या चार तारी वाद्यावरून युकुलेली घडवली. पुढे १९२० च्या दशकात सॅम्युएल कामाका यांनी अननसाच्या आकाराची युकुलेली काढली, तेव्हा सुरुवातीच्या काहींच्या दर्शनी भागावर चक्क अननसच रंगवलेला असे. शिकागोच्या कारखान्यांनी तर कार्टूनमधली पात्रं छापून युकुलेल्या विकल्या.

मी आधी सोपी वाट धरली. गाड्यांवर चित्रांची फिल्म चिकटवणाऱ्या एका दुकानात गेले आणि पुढचा सगळा भाग निळ्या-हिरव्या पानांच्या छापील फिल्मने मढवून घेतला. दिसायला देखणं झालं. घरी येऊन तार छेडली, तर आवाज उशीखालून आल्यासारखा. आधी वाटलं, तारा जुन्या झाल्या. नव्या लावल्या, तरी तेच. शेवटी हेअर ड्रायरने हळूहळू फिल्म सोडवली आणि स्वयंपाकघरातल्या काट्यावर ठेवली. सहा ग्रॅम. ज्या पातळ पत्र्याने थरथरायचं, त्याच्या अंगभर मी सहा ग्रॅम मऊ प्लॅस्टिक चिकटवलं होतं. मऊ थर थरथर गिळून टाकतो.

रविवारी आईशी बोलताना हे सांगितलं, तेव्हा तिच्याकडे शेजारचे सतारमेकर काका बसले होते. सतारी आणि तंबोरे करण्यात त्यांच्या घराच्या पिढ्या गेल्या. त्यांनी फोन मागून घेतला.

“अगं, तबलीवर चिकटवलंस? तिचा श्वासच कोंडलास की! दागिना कडेला घालायचा, पोरी. भोपळ्यावर पानं कोर, दांडीला नक्षी कर, कडेनं पट्टी फिरव. तबलीला मोकळं सोड.”

लहानपणी त्यांच्या दुकानात मी हे शेकडो वेळा पाहिलं होतं. भोपळा आणि दांडी जिथे जुळतात तिथली कोरीव पानं, कडेची पांढरी पट्टी, आणि मध्ये तबलीचा, म्हणजे भोपळ्याच्या तोंडावरच्या पातळ फळीचा, मोकळा, चकचकीत उतार. ते शोभेसाठी असतं, एवढंच मी समजत होते. शोभा कुठे थांबते, याकडे माझं कधी लक्षच गेलं नव्हतं.

मग ठरवलं, चित्र पाठीवर काढायचं. पाठ तशीही वाजवताना अंगाला टेकलेली असते. आणि काळ्यावर पांढरं म्हटल्यावर दुसरं काही सुचेचना. आई चैत्रात अंगणात चैत्रांगण काढते. मधोमध झोपाळ्यातली गौर आणि भोवती सूर्य, चंद्र, शंख, कमळ, तुळस, हत्ती, कासव, फणी-करंडा, लक्ष्मीची पावलं. तिची वही तिने फोटो काढून पाठवली. चौकटीच्या कागदावर पेन्सिलीने काढलेली, कोपऱ्यावर तेलाचा डाग असलेली.

कार्बनवर रंग सहजी धरत नाही. साच्यातून सुटावं म्हणून लावलेलं मेण पृष्ठभागावर राहून गेलेलं असतं, आणि त्यावर रंग लावला की तो माशाच्या डोळ्यासारखी गोल भोकं पाडून मागे सरतो. आधी मेण काढणाऱ्या द्रावणाने पुसायचं, मग आठशे नंबरच्या पॉलिश पेपरने पाण्यात हलक्या हाताने घासायचं, चकाकी मरेल इतकंच. खोल गेलं तर तंतू तुटतात, आणि ती धूळ छातीत जाऊ देऊ नये. मी मास्क लावूनच बसले. पाट्या रंगवणारे वापरतात तो इनॅमल आणि लांब केसांचा पट्टी-ब्रश आणला.

पट्टीने आखलेली रेघ तिथे वाकडी दिसते, हे मला पहिल्याच संध्याकाळी कळलं. वीण तिरकी आहे. डोळा तिच्या मागे ओढला जातो आणि सरळ रेघ कललेली वाटते. दोनदा पुसली. मग आईला व्हिडिओवर रांगोळी काढताना पाहिलं. चिमटीतून सुटणारी भुकटी, न थांबणारं मनगट. ती अंगणाकडे बघतच नाही. रेघ जिथे जायची आहे तिथे बघते. मी पट्टी ठेवून दिली आणि तसंच केलं. झोपाळ्याच्या साखळ्या त्या दिवशी जमल्या.

संपूर्ण चित्राला अकरा संध्याकाळी लागल्या. त्यावर क्लिअर कोट मोटारसायकली रंगवणाऱ्या एका कारागिराकडून मारून घेतला. पहिल्या वेळी गौरीच्या पदरावर सुरकुत्या उठल्या. इनॅमलमध्ये मी हार्डनर मिसळला नव्हता, आणि वरच्या कोटाने खालचा कच्चा रंग उचलला. तो भाग घासून पुन्हा काढला, या वेळी हार्डनर घालून, आठवडाभर वाळू देऊन. चैत्र संपायला चार दिवस उरले होते.

पुढच्या बाजूला काही काढायचं नाही असं ठरलं होतं, पण आवाजाच्या भोकाजवळ, अगदी कडेला, करंगळीच्या नखाएवढी लक्ष्मीची दोन पावलं मी काढली. तेवढ्याने आवाजाला काही होत नाही. आधी वाजवून ऐकलं, नंतरही ऐकलं.

आईला व्हिडिओवर दाखवली. तिने पाठ जवळ आणायला सांगितली, चष्मा चढवला आणि एकेक चिन्ह बोटाने मोजलं. कासव बघून हसली. मग म्हणाली, “आता पुढून दाखव.” दाखवली. थोडा वेळ गप्प बसली.

“पावलं बाहेर चाललीत गं. आत येणारी हवीत.”

खरंच, बोटं भोकाकडे पाठ करून होती. दोन पावलांसाठी पुन्हा मास्क, पुन्हा पॉलिश पेपर, पुन्हा ब्रश. या वेळी बोटं आतल्या काळोखाकडे वळवली, जिथून सूर येतो.

बुधवारी चहाच्या वेळी टेबलावर पाच युकुलेल्या पडल्या होत्या. मी माझी पालथी ठेवली होती. त्या आजी कप हातात धरूनच तिच्यावर वाकल्या आणि झोपाळ्यात कोण बसलंय, ते विचारू लागल्या.