ट्रॉलीबस कोण बनवते?

या अंकासाठी 'आमची सुट्टी' या विषयावर मुलांबरोबर पालकांनीही लिहावे असा ताईंचा हुकूम आला. इंजिनियरिंगला गेल्यापासून मी मराठीत सलग पानभरसुद्धा लिहिलेले नाही, तेव्हा शुद्धलेखनाच्या चुका वाचकांनी पोटात घालाव्यात. आम्ही सुट्टीत डिस्नेला गेलो नाही, योसेमिटीलाही नाही. आम्ही सॅन फ्रान्सिस्कोत एक दिवस बसने फिरलो. मुंबईहून आलेले आमचे अण्णा (वय ७५), मी आणि चिरंजीव (वय ११).

त्याचे असे झाले. अण्णांना गोल्डन गेट दाखवून झाला, केबल कार दाखवून झाली. दोन्हीकडे "छान आहे" एवढाच शेरा मिळाला. मग एका चौकात डोक्यावर दोन लांब दांडे लावलेली, तारांना धरून आवाज न करता येणारी बस त्यांनी पाहिली आणि जागच्या जागी थांबले. "अरे, ही तर आमच्या गोवालिया टँकची!"

मला वाटले, अण्णा ट्राम म्हणताहेत. मुंबईत ट्राम होती हे सर्वांना ठाऊक आहे. अण्णा म्हणाले, "ट्राम वेगळी. हिला रूळ नसतात. मला शहाणपण शिकवू नकोस." घरी येऊन शोधले तर अण्णांचेच खरे. बेस्टने ११ जून १९६२ रोजी गोवालिया टँक ते माझगाव डॉक अशी ट्रॉलीबस सुरू केली आणि २४ मार्च १९७१ रोजी बंद केली. मुंबईची शेवटची ट्राम ३१ मार्च १९६४ ला धावली, म्हणजे ट्राम गेल्यावरही सात वर्षे ट्रॉलीबस चालू होती. माझा जन्म त्यानंतरचा. माझ्याच शहरातली ही गोष्ट मला चाळिशी उलटल्यावर अमेरिकेत कळली.

तर दुसऱ्या मंगळवारी आम्ही मुद्दाम २४ नंबर पकडली. हा मार्ग बालमित्रांनी एकदा तरी करावाच. नोई स्ट्रीटवर एका ठिकाणी २२.८ टक्के चढ आहे. शंभर फूट पुढे जाताना जवळजवळ तेवीस फूट वर. ट्रॉलीबसच्या मार्गावर जगात याहून उभा चढ माहीत नाही असे म्हणतात. डिझेलची बस अशा चढावर आधी ओरडते आणि मग हलते, कारण डिझेल इंजिनला जोर यायला आधी फिरावे लागते. विजेच्या मोटारीचे तसे नाही, तिला उभ्या जागेवरून पूर्ण जोर मिळतो. वीज वरच्या तारेतून येत असल्यामुळे इंधनाचे ओझेही नाही. एका तारेतून वीज येते, दुसरीतून परत जाते. ट्रामला परतीसाठी रूळ असतो, रबरी टायरच्या बसला तो नाही, म्हणून दांडे दोन. शिवाय इथली वीज बरीचशी सिएरा पर्वतातल्या हेच हेची धरणाच्या पाण्यावर होते. अण्णांना हे सांगितल्यावर ते म्हणाले, "म्हणजे खोपोलीसारखंच की." (टाटांचे खोपोलीचे जलविद्युत केंद्र १९१५ साली सुरू झाले. मुंबईच्या गिरण्या त्याच विजेवर चालल्या.)

आमच्या चिरंजीवांना प्रत्येक वस्तूवर 'मेड इन' काय लिहिले आहे ते वाचायची खोड आहे. त्याने विचारले, "बाबा, ही बस कोणी बनवली?" साधा प्रश्न, पण उत्तर द्यायला मला आठवडाभर वाचावे लागले. ते इथे थोडक्यात देतो.

पहिली गाडी वेर्नर फॉन सीमेन्स याची. २९ एप्रिल १८८२ रोजी बर्लिनजवळ हालेन्झे इथे त्याने अर्ध्या किलोमीटरच्या रस्त्यावर ती चालवून दाखवली. जून महिन्यात प्रयोग संपला. त्यानंतर मात्र निव्वळ ट्रॉलीबस बनवणारी कंपनी फारशी झालीच नाही. धंदा लहान आणि गिऱ्हाईक म्हणजे एखाद-दुसरी नगरपालिका. त्यामुळे ज्यांचा मूळ धंदा दुसराच त्यांनी हे काम जोडीला घेतले. इंग्लंडमध्ये लेलँड आणि एईसी या लॉऱ्या-बस बनवणाऱ्या कंपन्या होत्या. एकट्या लंडनमध्ये १९३१ ते १९६२ या काळात ट्रॉलीबस चालल्या आणि भरात असताना त्यांची संख्या १,८११ होती. पुढे लंडनचा विचार बदलला, तेव्हा त्यातल्या शंभराहून जास्त गाड्या स्पेनने विकत नेल्या आणि त्या तिकडे चालत राहिल्या. अमेरिकेत ब्रिल आणि सेंट लुईस कार या मूळच्या ट्राम बनवणाऱ्या. मार्मन-हेरिंग्टन ही इंडियानापोलिसची कंपनी चारही चाके जोर लावतात असे ट्रक बनवायची, तिने दुसऱ्या महायुद्धानंतर दीड हजारांवर ट्रॉलीबस बनवल्या. त्या घराण्याची आणखी एक गंमत म्हणजे १९११ साली इंडियानापोलिसची पहिली पाचशे मैलांची शर्यत मार्मनच मोटारीने जिंकली होती. तिची १९५० सालची एक ट्रॉलीबस, नंबर ७७६, सॅन फ्रान्सिस्कोने जपून ठेवली आहे.

संख्येत मात्र रशियापुढे सगळे लहान. व्होल्गाकाठच्या एंगेल्स गावातल्या कारखान्याने झिऊ-९ नावाचे एकच मॉडेल ४२ हजारांहून जास्त बनवले. त्याच्या खालोखाल चेकोस्लोव्हाकियाची स्कोडा. हो, मोटारवाली तीच, निदान नाव तरी तेच. तिच्या ट्रॉलीबस क्रिमियात सिम्फेरोपोल ते याल्टा असा ८६ किलोमीटरचा डोंगरातला रस्ता चालत आल्या आहेत. पुण्याहून लोणावळ्यापुढे खंडाळ्याचा घाट उतरून खोपोलीपर्यंत तारा टाकल्या आहेत अशी कल्पना करा.

आणि पुढे ज्याचे नाव असते त्याने बऱ्याचदा गाडीचा फक्त सांगाडा बनवलेला असतो, पोटातली मोटार आणि तिचे नियंत्रण दुसऱ्याच कोणाचे. सॅन फ्रान्सिस्कोच्या सध्याच्या गाड्या कॅनडातल्या विनिपेगच्या न्यू फ्लायरच्या, आतली विजेची यंत्रणा जर्मनीतल्या कीपेची. हार्डवेअर एकाचे, सॉफ्टवेअर दुसऱ्याचे. आमच्या धंद्यात याची भांडणे रोजची आहेत.

मी इथे नवीन आलो तेव्हाच्या गाड्या वेगळ्या होत्या. त्यांची कथा मला सर्वांत जास्त लागली. स्कोडाने एएआय या अमेरिकन कंपनीबरोबर इलेक्ट्रिक ट्रान्झिट नावाची भागीदारी काढली. तिने ओहायोतल्या डेटन शहराला ५७ आणि सॅन फ्रान्सिस्कोला २७३ गाड्या दिल्या, एकूण ३३०. गिऱ्हाइके दोनच. २००४ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोची ऑर्डर पुरी झाली आणि त्याच वर्षी कंपनी मोडीत निघाली. त्याच वर्षी स्कोडाचा ओस्त्रोव्ह गावातला ट्रॉलीबसचा कारखानाही बंद झाला. म्हणजे शहराच्या हाती शेवटची गाडी आली तेव्हा ती बनवणारे उठून गेले होते. तरी त्या गाड्या पंधरा वर्षे याच चढांवर धावल्या. २०१५ ते २०२० मध्ये न्यू फ्लायरच्या गाड्या आल्या आणि मग त्या निवृत्त झाल्या.

हे मी बसमध्ये सांगत होतो, आणि तेवढ्यात वळणावर दांडे तारांवरून निसटले. बस मुकाट्याने उभी. ड्रायव्हर बाई कंटाळलेल्या चेहऱ्याने उतरल्या, मागे जाऊन दोऱ्या ओढू लागल्या. अण्णा काचेला नाक लावून बघत होते. तेव्हा चिरंजीवांनी विचारले, "पण बाबा, कंपनी बंद झाली तर गाडी बिघडल्यावर फिक्स कोण करतं?"

मला बोलता येईना. आणि अण्णांनी खिडकीतून नजर न काढता विचारले, "आज मंगळवार ना रे? गेल्या मंगळवारीही तू घरीच होतास."

खरे ते लिहितो. मे महिन्यात माझी नोकरी गेली. आमची कंपनी दुसरीने घेतली, आमचे प्रॉडक्ट बंद केले आणि आमच्या विभागाला एका सकाळी दोन पेट्या देऊन घरी पाठवले. सौ.ला ठाऊक होते. अण्णांचे तिकीट आधीच काढलेले, म्हणून त्यांना सांगितले नाही. मुलाला 'बाबा घरून काम करतो' असे सांगितले होते. त्या बंद पडलेल्या बसमध्ये दोघांना एकदमच सांगावे लागले. मुलगा म्हणाला, "ओके." थोड्या वेळाने म्हणाला, "म्हणजे मराठी शाळेची फी?" (ताई, शाळा सुटेल अशी आशा त्याच्या चेहऱ्यावर स्पष्ट दिसत होती. फी भरली आहे.)

अण्णा काही बोलले नाहीत. वाचकांना सांगायला हवे की अण्णा लालबागच्या एका गिरणीत इलेक्ट्रिशियन होते. ८२ च्या संपानंतर ती गिरणी पुन्हा धड चालू झाली नाही. मी दोन वर्षांचा होतो. अण्णांनी एका गाळ्याच्या अर्ध्या भागात मोटार रिवाइंडिंग सुरू केले. पिठाच्या गिरणीची, पाण्याच्या पंपाची, लेथची, जी येईल ती मोटार. त्या वार्निशच्या वासात मी गृहपाठ केला आणि त्याच पैशांत इंजिनियर झालो.

दांडे तारेवर बसले, दिवे लागले, बस निघाली. तेव्हा अण्णा नातवाला म्हणाले, "तू विचारलंस ना, कोण फिक्स करतं? ऐक. माझ्याकडे मोटारी यायच्या त्यातल्या निम्म्यांच्या कंपन्या कधीच्या बुडालेल्या. पाटीसुद्धा झिजलेली. आपण काय करायचं? जळकं वायंडिंग कापून काढायचं, पण फेकायचं नाही. आधी मोजायचं. एका स्लॉटमध्ये किती वेढे, तारेचं गेज काय, कुठलं टोक कुठे जोडलंय. सगळं वहीत लिहायचं. मग तसंच्या तसं परत भरायचं. ज्यानं पहिल्यांदा भरलं तो मेला असला तरी चालतं."

"आणि चुकून न मोजता फेकलं तर?"

"तर मग बोंबला," अण्णा म्हणाले. ड्रायव्हर बाईंनी आरशातून पाहिले, कारण नातू फार मोठ्याने हसला.

नोकरी गेल्यावर मला एका लहान गोदामाच्या मालकाची ईमेल आली होती. ते अजून आमचेच जुने प्रॉडक्ट वापरतात आणि दर महिनाअखेरीला ते कुठेतरी अडकते. नव्या कंपनीने हात वर केलेले. मी उत्तर दिले नव्हते, खरे म्हणजे रागाने. माझे आता काय देणे लागते? त्या रात्री मी बसलो आणि वापरणाऱ्याला काय-काय करता येते, कुठे अडकते, अडकले की कुठल्या क्रमाने पुन्हा सुरू करायचे, ते आठवून चार पाने लिहून पाठवली. कंपनीचे गुपित त्यात काही नव्हते. त्या गृहस्थांचे आभाराचे दोन ओळींचे उत्तर आले. नोकरी अर्थातच त्याने मिळाली नाही, शोध चालू आहे. आपल्यापैकी कोणाच्या ओळखीत काही असेल तर शनिवारी वर्ग सुटल्यावर मी पार्किंगमध्ये असतोच.

अण्णा गेल्या आठवड्यात परत गेले. जाण्याआधी आजोबा-नातवाने एक वही सुरू केली आहे. त्यात गाडीचे नाव, कंपनी, गाव आणि 'कंपनी आहे की गेली' असे चार रकाने आहेत. अण्णांच्या अटीप्रमाणे सगळे मराठीत. आत्तापर्यंत एकोणीस नोंदी झाल्या आहेत आणि 'गेली' हा शब्द मुलगा आता न चुकता लिहितो. व्हँकूव्हरने २०२४ मध्ये पोलंडच्या सोलारिस कंपनीला नव्या ट्रॉलीबसची ऑर्डर दिली हे मी सांगितल्यावर त्याने तेही नोंदवले, पुढे 'आहे'.

एकाच नोंदीवर वाद अडला आहे. चेक लोक त्या नावातला पहिला उच्चार 'श' करतात असे मुलाने कुठूनसे शोधून काढले आणि वहीत 'श्कोडा' लिहिले. अण्णांनी फोनवरून ते खोडून 'स्कोडा' करायला सांगितले, कारण मुंबईत सगळे तसेच म्हणतात. वही पुढच्या शनिवारी वर्गात येईल. ताईंनी कृपया लाल पेन घेऊन निकाल द्यावा.