पाटील, पवार आणि पॅरलल क्वेरी

चार गवंडी एक भिंत आठ दिवसांत बांधतात, तर आठ गवंडी किती दिवसांत बांधतील? शाळेतल्या या त्रैराशिकाचं उत्तर चार दिवस येतं, कारण गणितातला गवंडी तंबाखू मळायला बसत नाही.

कॉम्प्युटरवाल्यांनीही हेच त्रैराशिक मांडलं. माहिती एका यंत्राला झेपेना, तेव्हा ती अनेक यंत्रांवर वाटून टाकली. ‘साठीपुढच्या खातेदारांची एकूण ठेव किती?’ असा प्रश्न आला, की तो सगळ्या यंत्रांकडे एकदम जातो. प्रत्येक जण आपल्या कपाटापुरती बेरीज करून धाडतो आणि शेवटी त्या बेरजांची बेरीज होते. सरासरी हवी असेल तर मात्र सरासऱ्यांची सरासरी काढून भागत नाही; रक्कम आणि डोकी दोन्ही मागवावी लागतात. एवढं आम्हा बी.कॉम.वाल्यांनाही कळतं. या कारभाराला पॅरलल क्वेरी म्हणतात.

१९९२ साली डेव्हिड डेविट आणि जिम ग्रे या दोघा अमेरिकन पंडितांनी या वाटेतले तीन अडथळे एका लेखात सांगितले. पहिला, कामाला सुरुवात करण्यातच जाणारा वेळ. आमच्याकडे तो चहा येईपर्यंत असतो. दुसरा, एकमेकांच्या पायांत पाय. म्हणजे पाच जणांत एक स्टेपलर. तिसरा ‘स्क्यू’. पंगतीत एकाच्याच पानात ढीग पडतो, बाकीचे हात धुऊन बसतात आणि त्याचं होईपर्यंत पंगत काही उठत नाही.

हा तिसरा अडथळा मी डोळ्यांनी पाहिला आहे. मध्यंतरी आमच्या शाखेत सगळ्या खातेदारांचं केवायसी तपासायचं काम निघालं. साहेबांनी आडनावाच्या इंग्रजी आद्याक्षरावरून पाच जणांत यादी वाटली. माझ्या वाट्याला ‘टी’ ते ‘झेड’ आले. थोरात, वाघ, यादव, एखादा झेंडे. ‘एक्स’मध्ये तर चिटपाखरू नाही. अण्णांच्या वाट्याला ‘पी’ ते ‘एस’. पाटील, पवार, शिंदे, सावंत, साळुंखे, शेख! ही वाटणी नव्हती, निम्मा महाराष्ट्र होता.

मी तिसऱ्या दिवशी मोकळा. आठव्या दिवशी साहेब म्हणाले, “अण्णा, अहो तुमच्यापायी शाखेचा रिपोर्ट अडकलाय.”

“साहेब, अजून पाटीलच चाललेत,” अण्णा म्हणाले.

काउंटरवर हशा पिकला. ज्यांच्या कॅशमध्ये उभ्या नोकरीत रुपयाचा फरक आला नाही, त्या अण्णांना निवृत्तीला सहा महिने उरले असताना ‘स्लो’ ही पदवी मिळाली. ते डबा खायलाही उठेनासे झाले.

मग नव्यानं लागलेली आमची इंजिनिअर पोरगी पुढे झाली. म्हणाली, “सर, यंत्र हळू चाललं तर आधी त्याच्यासमोरचा ढीग बघतात. अण्णा हळू नाहीत, ढीग मोठा आहे.”

“मग त्यांची यादी दुसऱ्याला देऊ.”

“तोही तिथंच अडकेल. वाटणीच बदला. आडनाव सोडा, खाते क्रमांकाचा शेवटचा अंक धरा. प्रत्येकाला दोन अंक.”

कॉम्प्युटरात याच कामाला हॅशिंग नावाची गणिती चाळणी असते म्हणे. त्या चाळणीतूनही आडनावच घातलं, तर सगळे पाटील पुन्हा एकाच यंत्राच्या उरावर बसतात. खाते क्रमांक घातला की पाटील सगळीकडे सारखे पांगतात.

राहिलेली यादी तशी वाटली. अण्णांचं काम दुसऱ्या नंबरानं संपलं. हात झटकून ते उठले आणि त्या पोरीला म्हणाले, “चल गं, चहा माझ्याकडून.” साहेबांनी ‘स्लो’ हा शब्द पुन्हा काढला नाही.

शेवटून पहिला कोण आला, हे कृपा करून विचारू नका. ‘टी’ ते ‘झेड’वर वाढलेल्या माणसाला पाटलांची सवय नसते.