अब्बांची पद्मिनी

नजर अधू झाल्यापासून अब्बांनी गाडीत बसणंच सोडलं होतं. 1986 ची प्रीमियर पद्मिनी, कुर्ल्याच्या कारखान्यातली. मी ती गल्लीत वळवली की ओट्यावरून म्हणायचे, "बुश गए हैं." मी मात्र एका गॅरेजवाल्याचं ऐकून शॉकअप बदलले. खटखट तशीच. मग त्याच्याकडूनच पुढच्या आर्मचे बुश बदलून घेतले. ते चार महिन्यांत फाटले.

बी.एड.ला विद्यार्थ्याचं पूर्वज्ञान आधी तपासायला शिकलो होतो. घरातलं तपासायचं राहून गेलं.

या वेळी अब्बांनाच घेऊन त्यांच्या जुन्या मिस्त्रींकडे गेलो. त्यांनी पहार लावून आर्म हलवून दाखवला. आधीच्याने गाडी जॅकवर असताना, चाकं लोंबकळत असतानाच बोल्ट आवळले होते. बुशची आतली नळी बोल्टने जखडते, बाहेरची आर्मबरोबर फिरते, मधलं रबर पिळलं जातं. गाडी खाली टेकली की ते कायम पिळलेलंच राहतं, मग फाटेल नाहीतर काय? नवे बुश त्यांनी साबणाच्या पाण्यावर बसवले. ग्रीसने रबर फुगतं म्हणे. गाडी जमिनीवर उतरवली, दाबून हलवली.

"चाचा, आप बैठो जरा. वजन चाहिए."

अब्बा चाचपडत स्टिअरिंगमागे बसले, हात थेट गियरच्या दांडीवर. बोल्ट आवळून झाले तरी उतरेनात. लांब सीटवर बाजूला सरकले आणि मला म्हणाले, "टूटे पुल से ले. सुनने दे."