खरं मानणारं माणूस

लग्नाच्या आदल्या संध्याकाळी जेन आयर होणाऱ्या नवऱ्याला, रॉचेस्टरला, मागच्या रात्रीची हकीकत सांगते. मध्यरात्री खोलीत एक उंच, आडव्या बांध्याची बाई आली. नवरीची जाळीदार ओढणी स्वतःच्या डोक्यावर घेऊन तिने आरशात पाहिलं, मग ती फाडली आणि पायाखाली तुडवली. सकाळी ओढणीचे दोन तुकडे जमिनीवर पडलेले होते. रॉचेस्टर ऐकून घेतो आणि सांगतो : अर्धं स्वप्न, अर्धं खरं. ती घरातली नोकर ग्रेस पूल असणार, झोपेच्या गुंगीत तुला भेसूर दिसली. आणि वर म्हणतो, आज छोट्या अडेलच्या खोलीत झोप, आतून कडी लावून घे.

शार्लट ब्राँटेच्या १८४७ सालच्या या कादंबरीत मला सर्वांत जास्त भीती त्या कडीची वाटते. त्याने माळ्यावर कोंडून लपवलेल्या पहिल्या बायकोची, बर्थाचीही एवढी वाटत नाही. जेनने पाहिलं ते खरं आहे, हे रॉचेस्टरला पक्कं ठाऊक आहे. तो तिच्या जिवाची काळजी घेतो आणि त्याच वाक्यात तिचा स्वतःच्या डोळ्यांवरचा भरवसा काढून घेतो. जेनचं समाधान होत नाही, पण त्याला बरं वाटावं म्हणून ती पटल्याचं दाखवते.

आणि हे कुणाच्या वाट्याला यावं? दहाव्या वर्षी जेनला मामीने लाल खोलीत कोंडलं होतं. ही मुलगी खोटारडी आहे, असं त्याच मामीने शाळेच्या चालकाला सांगितलं. त्याने भरल्या शाळेत तिला स्टुलावर उभं करून तेच जाहीर केलं, हिच्याशी कुणी बोलायचं नाही म्हणून बजावलं. तिची ही जखम भरायला सुरुवात होते ती मिस टेंपल या शिक्षिकेपाशी. त्या जेनचं सगळं ऐकतात, लाल खोलीनंतर तिला तपासणाऱ्या गृहस्थांना पत्र लिहितात आणि उत्तर आल्यावर सगळ्या शाळेसमोर तिच्यावरचा आळ पुसतात. मिस टेंपलनी नुसती माया केली असती तर ते पुरलं नसतं, असं मला वाटतं. त्यांनी तिचं म्हणणं खरं धरून त्यासाठी काहीतरी केलं.

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मानसोपचारतज्ज्ञ बाईंनी १९९२च्या आपल्या पुस्तकात आघातातून सावरण्याचा क्रम मांडला आहे. आधी सुरक्षितपणा, मग घडलेलं सांगणं आणि त्याचा शोक, मग पुन्हा माणसांत येणं. हे एकट्याने होत नाही, त्याला नातं लागतं, हा त्यांचा आग्रह आहे. रहस्य आणि प्रेम एकत्र गुंफणाऱ्या कथांना हे कधीपासून ठाऊक आहे. त्यांतलं खरं कोडं खुनी कोण हे नसतंच. या माणसाजवळ मी डोळे मिटू शकेन का, हे असतं.

माझी एक मैत्रीण पहिल्या लग्नातून मोडून बाहेर आली. त्या घरात तिने मार खाल्लाच, पण त्याहून जास्त वेळा ‘असं काही झालंच नाही’ हे ऐकलं. तिला अशा कादंबऱ्या फार आवडतात, मात्र ती शेवटचं पान आधी वाचते. तिला त्यातली भीती हवी असते, पण जिचा शेवट माहीत आहे अशी. तिच्या दुसऱ्या नवऱ्याचं बालपण वडिलांच्या दारूत गेलं. तो घरी येताना जिन्यातूनच तिला हाक मारतो, कारण मागून कुणी आलं की ती अजून थिजते. वाद झाला की तो मिटून जातो. अशा वेळी ती त्याला बोलतं करायला जात नाही, समोर भाजी निवडत बसते.

मराठीत आपल्या माणसाने आपलं खरं मानण्याचा हा प्रश्न राजा परांजपे यांनी १९६४च्या ‘पाठलाग’मध्ये थेट कोर्टात उभा केला. जयंत देवकुळे यांच्या ‘आशा परत येते’ या कादंबरीवरचा हा चित्रपट; त्यावरूनच पुढे ‘मेरा साया’ आला. वकिलाची बायको गेली आहे. तिच्याच चेहऱ्याची, गुन्हेगार म्हणून पकडलेली एक बाई सांगते, मीच तुमची बायको. मग नवराबायकोतल्या खाजगी आठवणी पुरावा म्हणून चारचौघांत मांडाव्या लागतात, आणि उलटतपासणी घेणारा नवराच असतो. त्याचा संशयही दुःखातूनच आलेला आहे, म्हणून त्याचा राग येत नाही. मी मीच आहे, हे आपल्या माणसाला पटवून द्यावं लागणं याहून मोठा आघात मला सुचत नाही. शेवट ज्यांना माहीत नाही, त्यांच्यासाठी तो राखून ठेवते.

प्रेमाने सगळं भरून येतं, असं सांगणाऱ्या कथांवर माझा विश्वास नाही. डॅफ्नी द्यु मॉरिएच्या ‘रेबेका’त (१९३८) नवरा पहिल्या बायकोच्या खुनाची कबुली देतो आणि दुसरीच्या मनात आधी येते ती सुटका : याचं पहिलीवर प्रेम नव्हतं! त्या गुपिताने दोघं जवळ येतात, आणि देश सोडून हॉटेलांत दिवस काढतात. ही जवळीक खरी आहे, पण तिला मी बरं होणं म्हणणार नाही. आणि ‘जेन आयर’मधल्या माळ्यावरच्या बर्थाचं म्हणणं तर कुणी विचारलंच नाही. तिची बाजू मांडायला १९६६ साली जीन ऱ्हीसला वेगळी कादंबरी लिहावी लागली. जेनच्या सुखाआड हा हिशेब उरतोच.

तरीही ‘जेन आयर’च्या शेवटी, रॉचेस्टर राहतो त्या फर्नडीनच्या प्रकरणापाशी मी थांबते. घर जळून गेलेलं, रॉचेस्टर आंधळा, एक हात गमावलेला. त्याचं गुपित कळल्यावर निघून गेलेली जेन पाण्याचा ग्लास घेऊन आत येते आणि आता विश्वास न बसण्याची पाळी त्याची असते. हा भास असेल म्हणून तो तिचा हात चाचपतो. ती पुन्हा पुन्हा सांगते, मीच आहे. त्याची नजर परततेही, पण लग्नाला दोन वर्षं झाल्यावर, एकाच डोळ्यात. इतकी सावकाश आणि इतकी अर्धी म्हणूनच ती मला खरी वाटते.

फर्नडीनलाच तो सांगतो की, एका मध्यरात्री त्याने तिच्या नावाने हाक मारली होती. तीच हाक जेनने मैलोगणती दूर ऐकलेली असते. पण ती हे त्याला सांगत नाही. आधीच काळवंडलेल्या त्याच्या मनावर आणखी गूढाचा भार नको म्हणून. त्याने लपवलं ते स्वतःला वाचवायला, हिने लपवलं ते त्याला जपायला, असं मी मैत्रिणीला म्हणाले. तिला ते मान्य नाही. जेनने सांगायला हवं होतं, असं ती ठामपणे म्हणते.