ताई, तुला काय खायचंय?

ताई चार दिवसांसाठी मुंबईला यायची ठरली आणि मी कागद-पेन घेऊन बसले. "राणीची बाग नको नि गेटवे नको, या वेळी नुसतं खायला हिंडायचं," असं फोनवर मीच जाहीर करून टाकलं होतं. ताईचं सगळं आयुष्य गेलं तासगावला, द्राक्षबागेत आणि बारा माणसांच्या स्वयंपाकघरात. दाजींना जाऊन वर्ष झालं. 'वर्षश्राद्ध आटोपत नाही तोच हॉटेलं हिंडायला निघाली' म्हणणाऱ्या जावा तिच्याही घरी आहेतच. म्हणून तर मला बेत अगदी झकास करायचा होता.

कुणाकुणाकडून 'इथलं अमुक खाल्लंच पाहिजे' म्हणून ऐकलेलं सगळं मी लिहून काढलं. सकाळी एक, दुपारी एक, रात्री एक. यादी बघून आमचे हे म्हणाले, "अगं, ताई जेवायला येतायत की तपासणीला?" मी लक्ष दिलं नाही.

पहिल्याच दुपारी फजिती झाली. एका बड्या हॉटेलातला बुफे. पन्नास-साठ पदार्थ मांडलेले आणि माणशी पैसे इतके की आकडा ताईला दिसू नये म्हणून मी बिल पर्सखाली सारलं. ताईनं प्लेट घेऊन एक प्रदक्षिणा घातली आणि दहीभात घेऊन परत आली. "बास गं, मला एवढंच पुरे." मी चिडले. आता सांगायला लाज वाटते, पण "एवढे पैसे मोजलेत, नीट खा की काहीतरी!" असं मी तिला सगळ्यांदेखत बोलले. ती मुकाट्यानं उठली, थोडं थोडं वाढून घेऊन आली आणि सगळं संपवलं. पानात टाकायची तिला सवय नाही.

रात्री अंथरुणं घालताना विचारलं, "ताई, तुला काय खायचंय?"

"काहीही चालेल."

"काहीही नावाचा पदार्थ मिळत नाही गं मुंबईत."

ती हसली. मग म्हणाली, "खरं सांगू? मला काय आवडतं तेच आठवत नाही. यांना वांगं लागायचं, पोरांना बटाटा. त्यातलंच उरेल ते माझं." मी दिवा मालवला. बऱ्याच वेळानं अंधारातून आवाज आला, "तो इराण्याकडचा आंबट फळांचा भात असतो ना, तो कुठं मिळतो? द्राक्षांच्या निर्यातीच्या कामाला मुंबईत आले की हे तिथं जेवायचे. घरी येऊन वर्णन करायचे. तुला एकदा नेतो म्हणायचे. राहिलंच."

दुसऱ्या दिवशी यादी घरीच ठेवून आम्ही बॅलार्ड इस्टेटला गेलो. 'ब्रिटानिया अँड कंपनी', 1923 सालचं पारशी-इराणी धाटणीचं हॉटेल. उंच छत, जुन्या खुर्च्या, आजूबाजूला सगळ्या कचेऱ्या. प्रसिद्धी दुपारच्या जेवणाची, तेव्हा सुटीच्या दिवशी किंवा संध्याकाळी जायचं मनात असेल तर आधी चौकशी करून घ्यावी. टेबलाटेबलापाशी जाऊन गिऱ्हाइकांशी गप्पा मारणारे इथले म्हातारे मालक, बोमन कोहिनूर, 2019 साली गेले. दाजी त्यांच्याविषयीही सांगायचे म्हणे.

बेरी पुलाव आला. मोकळा बासमती, खाली मटण, वर तळलेला कांदा, काजू आणि लालचुटूक बारीक फळं. ही फळं इराणातली, तिकडे त्यांना झरेश्क म्हणतात. ताईनं एक उचलून उजेडाकडे धरलं. बेदाण्याच्या गावची बाई ती! "दिसतं बेदाण्याच्या धाकट्या भावासारखं, पण किती आंबट!" मग सावकाश जेवली. अर्धी प्लेट झाल्यावर म्हणाली, "चांगला आहे. पण यांनी सांगितला एवढा काही नाही." थोडं थांबून, "मला तेव्हाच आणलं असतं ना, तर याहून चांगला घरी करून घातला असता." आणि पदर डोळ्यांना लावला. मी कॅरमल कस्टर्ड मागवलं. दुसरं काय करणार?

तिथून पुढे ताईच ठरवू लागली. मी फक्त भूगोल सांभाळला. दादर-माटुंगा एका दिवशी, फोर्टचा भाग दुसऱ्या दिवशी. मुंबईत नाश्ता एका टोकाला आणि जेवण दुसऱ्या टोकाला ठेवलं तर दिवस लोकलमध्येच जातो. दिवसाला जड जेवण एकच. बाकीच्या वेळी एक प्लेट मागवून दोघींनी वाटून घ्यायची, म्हणजे चव कळते आणि पोटही शाबूत राहतं. दादरला 'प्रकाश'मधला साबुदाणा वडा आणि पियुष तिला पसंत पडलं. माटुंगा स्टेशनापाशी रामा नायकांच्या उडुपीत, 1942 सालापासून चाललेल्या त्या बोर्डिंगात, केळीच्या पानावर जेवताना वाढप्यानं तिला तिसऱ्यांदा विचारलं, तर ही मला म्हणते, "बघ, मला कुणीतरी आग्रह करतंय!"

शेवटच्या रात्री माझी लेक आम्हांला फोर्टात मासे खायला घेऊन गेली. तिनं सुरमईबरोबर नाशिककडची पांढरी वाईन मागवली, शेनिन ब्लांक. मी ताईकडे बघितलं. ताई पेल्याकडे बघत होती.

"द्राक्ष कुठलं हे?"

"वाईनचं वेगळं असतं मावशी. बारीक, बियांचं, जाड सालीचं."

"ते आम्हांला ठाऊक आहे. आमचं खायचं. पिकून याचं काय होतं ते कधी चाखलं नाही." असं म्हणून तिनं लेकीच्या पेल्यातला एक घोट घेतला. तोंड वाकडं करील म्हणून मी वाट बघत राहिले. ती म्हणाली, "आंबट आहे, पण स्वच्छ आंबट. तेलकट माशाला बरं." आणि आणखी एक घोट घेऊन पेला परत केला. "जावांना सांगू नकोस."

महालक्ष्मी एक्स्प्रेसला बसवून दिली तेव्हा खिडकीतून हात काढून तिनं माझी ती जुनी यादी मागून घेतली. परवा फोन आला. त्यातली सात नावं तिनं खोडली आहेत, दोन ठेवली आहेत आणि खाली एक नवीन लिहिलंय. कुठलं ते काही सांगत नाही. "आल्यावर बघू" म्हणते.