आरएक्स १००चे मागचे दिवे आणि एलईडी

यामाहा आरएक्स १०० या मोटरसायकलच्या टेललाइटमध्ये बल्ब एकच असतो, पण त्याच्या दोन फिलामेंटना वीज दोन वेगळ्या ठिकाणांहून मिळते. ब्रेक दाबल्यावर पेटणारे फिलामेंट बॅटरीवर चालते. रात्री मंद जळत राहणारे फिलामेंट मात्र हेडलाइटच्या जोडीने थेट मॅग्नेटोच्या, म्हणजे इंजिनबरोबर फिरून वीज तयार करणाऱ्या यंत्राच्या, कॉइलवर चालते. बॅटरीची वीज एकाच दिशेने वाहते, ती डीसी. मॅग्नेटोची सतत दिशा बदलते, ती एसी. या गाडीला एलईडी बसवताना जी गुंतागुंत होते तिचे मूळ बहुतांशी इथे आहे. जुना बल्ब काढला, नवा लावला आणि काम झाले, असे या गाडीत होत नाही.

आरएक्स १०० भारतात १९८५ ते १९९६ या काळात तयार झाली. ९८ सीसीचे टू-स्ट्रोक इंजिन आणि अकरा अश्वशक्तीची ताकद असलेल्या या हलक्या गाडीच्या पिकअपचे वेड आजही उतरलेले नाही. दिव्यांबद्दल मात्र तिच्या कट्टर चाहत्यालाही फारसे चांगले बोलता येत नाही. प्रस्तुत लेखकाकडची गाडी १९९२ सालची, पुणे पासिंगची आहे. तिचे दिवे बदलायचे ठरले ते पावसाळ्यातल्या ताम्हिणी घाटामुळे. धुक्यात दुसऱ्या गिअरमध्ये हळूहळू उतरताना इंजिनचे फेरे कमी असतात. फेरे कमी म्हणजे मॅग्नेटोची वीज कमी, आणि वीज कमी म्हणजे टेललाइट मिणमिणता. मागून येणाऱ्या ट्रकला गाडी दिसण्याची सर्वांत जास्त गरज असते, नेमका त्याच वेळी मागचा दिवा सर्वांत मंद जळतो. ही रचना त्या काळी स्वस्त आणि टिकाऊ होती. आजच्या रस्त्यांवर ती धोक्याची आहे.

फिलामेंटच्या बल्बमध्ये बारीक तार तापून प्रकाश देते. तार तापायला वेळ लागतो. ब्रेकलाइटचा बल्ब पूर्ण तेजाने पेटायला साधारण सेकंदाचा पाचवा भाग जातो, तर एलईडी तत्क्षणी पेटते. ताशी ६० किलोमीटर वेगाने मागून येणारी गाडी तेवढ्या वेळात सव्वातीन मीटरहून अधिक अंतर कापते. घाटातल्या वळणावर तेवढे अंतर मोलाचे असते. दुसरा फायदा विजेच्या बचतीचा. इंडिकेटरचा बल्ब, ज्याला बरेच जण अजून साइडलाइट म्हणतात, अशा छोट्या गाड्यांत सहसा १० वॅटचा असतो. एका बाजूचे दोन पेटले की १२ व्होल्टवर सुमारे १.७ अँपिअर वीज ओढतात. त्यांच्या जागी बसवलेल्या एलईडींना मिळून मल्टिमीटरवर ०.२ अँपिअरच्या आत काम भागताना दिसले. अडीच अँपिअर-अवरच्या इवल्याशा बॅटरीसाठी हा फरक मोठा आहे.

खरेदी करताना पहिला प्रश्न रंगाचा असतो. दुकानदार बहुधा पांढरा एलईडी बल्ब पुढे करतात, कारण तो डोळ्यांना जास्त झगझगीत वाटतो. तो लाल काचेमागे लावू नये. बाजारात मिळणारी पांढरी एलईडी ही मुळात निळी एलईडी असते. तिच्यावर पिवळ्या फॉस्फरचा थर दिलेला असतो. तिच्या प्रकाशात लाल रंगाचा वाटा कमी. लाल काच बाकीचे रंग अडवते, त्यामुळे त्या झगझगाटातले थोडेच बाहेर पडते, आणि काच जुनी, फिकट झालेली असेल तर दिवा गुलाबीसर दिसतो. लाल काचेमागे लाल एलईडी आणि इंडिकेटरच्या पिवळ्या-नारिंगी काचेमागे त्याच रंगाची एलईडी, हाच खरा नियम. कमी वॅटची रंगीत एलईडी तिथे जास्त वॅटच्या पांढरीपेक्षा अधिक उठून दिसते.

टेललाइटच्या बाबतीत मात्र हा नियम एका जागी अडतो. दिव्याच्या खालच्या अंगाला एक पारदर्शक पट्टी असते. तिच्यातून त्याच बल्बचा पांढरा प्रकाश नंबर प्लेटवर पडतो. आत लाल एलईडी बसवली की नंबर प्लेटही लाल होते. रात्री नंबर नीट वाचता येत नाही, आणि नंबर प्लेटवरचा दिवा पांढराच असावा लागतो. बाजूला लाल आणि खाली काही पांढऱ्या एलईडी असलेले बल्ब मिळतात. पण दोन फिलामेंटच्या बल्बच्या बुडाशी असलेले दोन खिळे एका उंचीवर नसतात, त्यामुळे बल्ब होल्डरमध्ये एकाच दिशेने बसतो. त्या दिशेने बसल्यावर पांढऱ्या एलईडी खरोखरच खाली येतात का, हे दुकानातच जुना बल्ब शेजारी धरून पाहावे. पुण्याच्या नाना पेठेतल्या दुकानात दाखवलेल्या बल्बमध्ये त्या कडेला येत होत्या. म्हणून पूर्ण लाल बल्ब घेतला आणि पारदर्शक पट्टीच्या वर, दिव्याच्या आतच, एक लहान पांढरी एलईडी वेगळी बसवली.

नवा बल्ब बसवण्याआधी होल्डर उघडून पाहणे अत्यावश्यक आहे. लाल काचेचे दोन स्क्रू काढले की आतले तीस वर्षांचे पावसाळे दिसतात. या गाडीच्या होल्डरमध्ये फायबरची चकती तडकलेली होती, तिच्यातून डोकावणाऱ्या पितळी टोकांवर हिरवा कळंक चढला होता आणि खालची स्प्रिंग गंजून अर्धी बसली होती. बॅटरीवर १२.६ व्होल्ट असताना होल्डरवर ११ व्होल्टही पोचत नव्हते. पॉलिश पेपरने टोके घासली, स्प्रिंग बदलली आणि होल्डरच्या पत्र्यापासून चासीपर्यंत अर्थची एक स्वतंत्र काळी वायर ओढली. एवढ्यावर जुना बल्बसुद्धा लक्षणीय उजळला. ज्यांना गाडीत काहीही बदलायचे नाही त्यांनी निदान एवढे तरी करावे. जुन्या गाड्यांचे दिवे मंद असण्यामागे अनेकदा गंजलेली अर्थच असते, आणि तिचा दोष उगाच बल्बच्या माथी मारला जातो.

आता एसीचा प्रश्न. एलईडी एकाच दिशेची वीज घेते. एसीवर ती अर्धा वेळ पेटते आणि अर्धा वेळ विझते. फिलामेंटची तार त्या अर्ध्या वेळात थंड होत नाही, म्हणून बल्बमध्ये ही उघडझाप जाणवत नाही. एलईडीत ती लपत नाही. इंजिन आयडलिंगला असताना मॅग्नेटो सेकंदाला वीसच्या आसपास फेरे घेतो. तेव्हा टेललाइट चक्क थरथरतो आणि फेरे वाढले की स्थिर दिसू लागतो. नुसते थरथरणे खपवून घेतले तरी उलट दिशेच्या व्होल्टेजचे काय? मीटरवर १४ व्होल्ट दाखवणाऱ्या एसीचे शिखर २० व्होल्टजवळ जाते. उलट दिशेने एवढे व्होल्टेज सोसायची एलईडीची तयारी नसते. बल्बमध्ये संरक्षक डायोड नसेल तर ती काही दिवसांत एकेक करून जाते.

उपाय दोन आहेत. एक म्हणजे टेललाइटच्या वाटेवर ब्रिज रेक्टिफायर आणि कपॅसिटर बसवणे. त्याने थरथर थांबते, पण कमी फेऱ्यांना दिवा मंद होण्याचे मूळ दुखणे तसेच राहते. दुसरा उपाय टेललाइट एसीवरून काढून बॅटरीवर आणण्याचा. मूळच्या ५ वॅटच्या फिलामेंटला तो परवडला नसता, कारण ते ०.४ अँपिअरहून जास्त वीज ओढते. चार्जिंगशिवाय भरलेली बॅटरी तेवढ्यावर सहा तासांत संपेल. लाल एलईडीला त्याच्या सातव्या भागाएवढी वीज पुरते. म्हणजे एलईडीमुळेच हा बदल शक्य होतो, आणि प्रस्तुत लेखकाच्या मते एलईडी लावण्याचे खरे सार्थक या बदलात आहे. तो केला नाही तर नव्या बल्बचा निम्मा उपयोग वाया जातो.

हे काम वाटते त्यापेक्षा सोपे आहे. यामाहाच्या रंगपद्धतीत इग्निशननंतरची बॅटरीची वायर तपकिरी, टेललाइटची निळी, ब्रेकलाइटची पिवळी आणि अर्थची काळी असते. मागच्या ब्रेकच्या स्विचपर्यंत तपकिरी वायर आलेलीच असते, आणि ती जागा टेललाइटपासून फार दूर नाही. टेललाइटची निळी वायर बुलेट पिनपाशी सुटी करायची आणि ब्रेक स्विचजवळच्या तपकिरीवरून एकात दोन जोडाची छोटी वायर आणून तिथे लावायची. एकही मूळ वायर कापावी लागत नाही. सुट्या झालेल्या निळ्या वायरच्या टोकावर श्रिंक स्लीव्ह चढवणे विसरू नये. हेडलाइट लावला की त्या टोकात मॅग्नेटोची वीज असते. या जोडणीनंतर इग्निशन सुरू केले की टेललाइट दिवसाही पेटतो. एप्रिल २०१७पासून नव्या दुचाकींना हेडलाइट सतत चालू ठेवणे सक्तीचे झाले, त्यामागचा विचार इथेही लागू पडतो.

एक अट मात्र पाळावी लागते. आरएक्स किकवर सुरू होते आणि तिच्या सीडीआय इग्निशनला बॅटरी लागत नाही. त्यामुळे बॅटरी मेलेली असतानाही कित्येक जण वर्षानुवर्षे गाडी चालवतात. अशा गाडीत डीसीचे व्होल्टेज फेऱ्यांबरोबर वरखाली होते आणि एलईडी लवकर जाते. आधी चांगली बॅटरी आणि चालू रेग्युलेटर, नंतर दिवे.

इंडिकेटर बॅटरीवरच चालतात, पण तिथे फ्लॅशर आडवा येतो. जुना फ्लॅशर वाहणाऱ्या विजेच्या उष्णतेवर चालतो: आतली धातूची पट्टी तापते, वाकते, जोड तोडते, थंड होऊन पुन्हा जोडते. एलईडीची वीज इतकी कमी की पट्टी तापतच नाही. इंडिकेटर एकदा पेटतो तो पेटूनच राहतो. यावर काही ठिकाणी बल्बला समांतर रेझिस्टर लावून देतात. रेझिस्टर तेवढीच वीज उष्णतेत घालवतो, म्हणजे बचत शून्य; शिवाय तो इतका तापतो की शेजारचे प्लास्टिक आणि वायरचे आवरण वितळू शकते. हा उपाय कुणीही करू नये. बल्बच्या भारावर अवलंबून नसलेला इलेक्ट्रॉनिक फ्लॅशर लावावा. तपकिरी वायर फ्लॅशरमध्ये येते, तपकिरी-पांढरी बाहेर पडते, तेव्हा दोन पिनांचा सरळ बसतो. तीन पिनांचा असेल तर तिसरीला अर्थ द्यावी लागते. उघडझाप मिनिटाला ६० ते १२० वेळा या मर्यादेत हवी.

फ्लॅशर बदलल्यावर बहुतेकांना एक चमत्कार दिसतो: डावीकडचा इंडिकेटर लावला की चारही दिवे लुकलुकतात. वायरिंग शॉर्ट झाले, असे समजून मेकॅनिक संपूर्ण किट उघडायला निघतात. दोष असतो मीटरमधल्या इंडिकेटरच्या छोट्या दिव्यात. दोन्ही बाजूंसाठी तो एकच असेल तर त्याचे एक टोक डाव्या वायरला आणि दुसरे उजव्या वायरला जोडलेले असते. त्याला स्वतःची अर्थ नसतेच. डावी बाजू लागली की वीज या दिव्यातून उजवीकडच्या बल्बांत शिरते आणि त्यांच्यामार्गे अर्थला पोचते. उजवीकडच्या थंड फिलामेंटचा रोध इतका कमी की ते पेटत नाहीत, फक्त मीटरमधला दिवा पेटतो. तीन वायरींचे काम दोनमध्ये करणारी ही हुशार रचना आहे. पण पलीकडे एलईडी असली की तेवढ्या किरकोळ विजेवरही ती पेटते, आणि चारही दिवे एकदम बोलू लागतात.

यासाठी दोन डायोड पुरतात. सगळीकडे मिळणारा एक अँपिअरचा साधा डायोड चालतो. एक डाव्या वायरवरून, एक उजव्या वायरवरून. दोघांची पट्ट्याची टोके एकत्र करून मीटरच्या दिव्याच्या एका टोकाला आणि दिव्याचे दुसरे टोक अर्थला. आता वीज दोन्ही बाजूंनी दिव्यापर्यंत येऊ शकते, पण एका बाजूकडून दुसरीकडे जाऊ शकत नाही. हेडलाइटच्या डब्यात या वायरी एकत्र येतात. तिथे मूळ जोड सोडवून मधे बसेल अशी बुलेट पिना लावलेली छोटी वेगळी जोडणी डायोडसकट घरीच तयार केली. डाग दिल्यावर प्रत्येक डायोडवर वेगळी स्लीव्ह चढवली, कारण हेडलाइटचा डबा पत्र्याचा आणि इंजिनचे कंपन अखंड.

शेवटची तपासणी डोळ्यांनीच करावी लागते. मंद टेललाइट आणि ब्रेकलाइट यांच्या तेजात ठळक फरक हवा. मूळ बल्बमध्ये तो सहसा ५ आणि २१ वॅटचा असतो. स्वस्त एलईडी बल्बमध्ये दोन्ही पायऱ्या जवळपास सारख्या असतात. मग ब्रेक लागला की नाही हे मागच्याला कळत नाही, आणि असा बल्ब मूळ बल्बपेक्षा वाईट. सोसायटीच्या आवारात भर दुपारी शेजारच्या मुलाला ब्रेक दाबत-सोडत ठेवून वीस-पंचवीस पावलांवरून, आणि नंतर थोडे तिरक्या अंगाने, दिवा पाहिला. समोरून लख्ख दिसणारा पहिला बल्ब तिरका पाहताच फिका पडला. त्याच्या साऱ्या एलईडी टोकाशी होत्या. कडेनेही एलईडी असलेला बल्ब लावल्यावर प्रकाश आतल्या परावर्तकावर पडून पूर्ण काच भरून दिसू लागली. रेखीव काच ही सगळ्या दिशांना प्रकाश फेकणाऱ्या तारेसाठी घडवलेली असते, तेव्हा बल्बनेही तसेच वागायला हवे.

आयडियल जावाच्या म्हैसूरच्या कारखान्यातून निघालेल्या ६ व्होल्टच्या जावा-येझदींना हाच क्रम लागू पडतो, पण बल्ब आणि फ्लॅशर ६ व्होल्टचेच हवेत. बारा व्होल्टच्या बल्बमध्ये एलईडी एकापाठोपाठ जोडलेल्या असतात. पांढऱ्या एलईडीला सुमारे ३ व्होल्ट लागतात, तेव्हा तिघींची साखळी ६ व्होल्टवर पेटतच नाही. बॅटरीचे कोणते टोक चासीला आहे, हे आधी मीटरने पाहावे. ब्रिटिश घडणीच्या काही जुन्या गाड्यांत धन टोक चासीला असते, आणि तिथे साधी एलईडी उलटी बसते.

काढलेला प्रत्येक भाग नावाची चिठ्ठी लावून ठेवावा. २०२१मध्ये केंद्र सरकारने केलेल्या नियमांनुसार पन्नास वर्षांहून जुन्या, मूळ स्वरूपात जपलेल्या दुचाकींची व्हिंटेज म्हणून ‘व्हीए’ मालिकेत नोंदणी होते. आरएक्स १००च्या पहिल्या गाड्या २०३५च्या सुमारास त्या वयाला पोचतील. या गाडीचा मूळ फ्लॅशर, चारही इंडिकेटरचे बल्ब आणि टेललाइटचा दोन फिलामेंटचा बल्ब एका डब्यात ठेवले आहेत. वायर कुठेही कापलेली नसल्याने पाना आणि स्क्रू ड्रायव्हर घेऊन बसले तर गाडी एका दुपारीत पूर्ववत होते.